विमलाबाईंचा परीक्षेचा पाठ

चौऱ्याहत्तर साली डोंबिवलीच्या एका खासगी शाळेत विमलाबाई लागल्या त्या नुसत्या मॅट्रिकवर. चौथीचा वर्ग बाईविना होता आणि डी.एड. झालेलं कुणी मिळत नव्हतं. पुढची बावीस वर्षं त्या चौथीलाच राहिल्या. मग दिल्लीत शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा कायदा झाला, वरून पत्रं येऊ लागली आणि संस्थेने बजावलं, अठ्ठ्याण्णवच्या जूनच्या आत डी.एड. व्हा, नाहीतर जागा सोडा.

"तुला आता कोण काय शिकवणार?" नवरा गोपीनाथ म्हणाला. दुसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाला, "पण फॉर्म भर." कोलशेतची त्याची कंपनी बंद होऊन तीन वर्षं झाली होती.

नोकरीतल्या शिक्षकांचा वर्ग सुट्ट्यांत आणि रविवारी ठाण्याला भरायचा. पाठाची टाचणं विमलाबाई भात शिजेपर्यंत ओट्यावरच काढत. लिहिणं जमत होतं. अडत होतं ते वेगळ्याच ठिकाणी. वर्गात शिरलं की आधी फळ्यावर तारीख आणि धड्याचं नाव लिहायचं, ही त्यांच्या हाताची सवय. डी.एड.च्या पाठात ते चालत नाही. आधी चार प्रश्न विचारून मुलांना विषयापर्यंत आणायचं, मग 'आज आपण अमुक शिकणार' असं सांगायचं आणि त्यानंतरच नाव लिहायचं. सरावाच्या पहिल्या पाच पाठांत त्यांनी तीनदा आधीच लिहिलं.

"मावशी, खडू पर्समध्ये टाकून चेन लावा ना," बरोबरच्या पोरी हसायच्या.

परीक्षेचा पाठ वर्तकनगरच्या एका शाळेत होता. त्यात नापास म्हणजे आणखी एक वर्ष, आणि ते त्यांच्याकडे नव्हतं. दरवर्षी इथे असले पाठ होत, त्यामुळे पोरंही मुरलेली. परीक्षक मागच्या बाकावर वही उघडून बसले. "नमस्ते बाई" झालं. विमलाबाई वळल्या आणि फळ्यावर सुबक अक्षरात लिहून मोकळ्या झाल्या : पाण्याची वाफ.

"बाई, आत्ता नाही लिहायचं," दुसऱ्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी म्हणाली. "आधी प्रश्न विचारतात."

"मागच्या ताई पण विसरलेल्या," शेजारणीने पुस्ती जोडली.

विमलाबाईंनी डस्टर फिरवलं. "ओले कपडे वाळत घातले, की त्यातलं पाणी कुठे जातं?"

"खालच्यांच्या गॅलरीत!"

"आणि उरलेलं?"

सगळ्यांचे डोळे पुसलेल्या फळ्याकडे गेले.

"मग आज आपण काय शिकणार आहोत?"

"तुम्ही पुसलं ते!" अख्खा वर्ग ओरडला.

परीक्षकांनी रुमाल तोंडाला लावला आणि वहीत काहीतरी लिहिलं. जागा गेली, हे विमलाबाईंना तिथेच कळून चुकलं. बाकीची पंचवीस मिनिटं त्यांनी पाठ ओढत नेला. खुर्चीत मात्र बसल्या नाहीत. त्याचेही गुण कापतात.

निकालात त्या पास होत्या. पाठात पासापुरते गुण होते, वर दोन.

जूनमध्ये मुख्याध्यापकांनी सेवाज्येष्ठतेची नवी यादी सहीला ठेवली. डी.एड.च्या आधीची वर्षं तिच्यात धरली नव्हती. विमलाबाईंचं नाव सगळ्यात खाली, गेल्या वर्षी लागलेल्या वनिता भोईरच्याही खाली.

"बाई, मला कसंतरीच वाटतंय हो," वनिता म्हणाली.

"कसंतरी काय वाटायचंय त्यात? पेन दे."

"तुकडी कमी झाली, तर खालच्याला आधी जावं लागतं," मुख्याध्यापक यादीकडे बघत म्हणाले. "नियमच आहे तो. माझ्या हातात काही नाही."

सही करून विमलाबाई घरी आल्या. सासूबाई, हौसाबाई, दारातच मेथी निवडत होत्या.

"मग? झालीस का आता खरी मास्तरीण?"

"झाले."

"म्हणजे इतकी वर्षं पोरं उगाच बाई-बाई म्हणत होती होय?"

गोपीनाथ आतून बाहेर आला. "जागा राहिली ना?"

"राहिली. सध्या," विमलाबाई म्हणाल्या आणि पायातली चप्पल न काढता सासूबाईंशेजारी उंबऱ्यातच टेकल्या.