कडक भाकरीची परीक्षा

दंतवैद्यांच्या एका कार्यशाळेची बातमी करायला मी परभणीत गेलो होतो. दात नसलेल्या जबड्यात स्क्रू रोवून त्यांवर पक्के दात कसे बसवायचे, हे तिथे शिकवत होते. त्यासाठी जबडा दिला होता पेडगावच्या एका आजोबांनी. त्यांचे नाव कोणी सांगितले नाही. सगळे त्यांना ‘केस’ म्हणत.

सकाळी स्क्रू बसले, सायंकाळी दात. मागे पडद्यावर दातांनी ऊस सोलणाऱ्या माणसाचे चित्र होते. टाळ्या पडल्या. आजोबांनी फडक्यातून ज्वारीची कडक भाकर काढली. चार वर्षे सून त्यांना भाकर दुधात कुस्करून देत होती.

“आजोबा, तीन महिने मऊच खायचं,” शिकवणारे डॉक्टर घाईने म्हणाले आणि त्यांनी भाकर काढून घेतली.

“मग आतापस्तोर काय खात होतो मी?”

डॉक्टर हसले. आजोबांनी भाकर परत मागून घेतली, नीट गुंडाळली.

“ऱ्हाऊ द्या. तीन महिन्यांनी हीच घेऊन येतो. तवर लय कडक हुईल. तुमी शिकलात का न्हाई, तवा कळंल.”

प्रमाणपत्रे त्याच सायंकाळी वाटली गेली.