मौसाजींच्या वाट्याची भाकर

या ग्रुपवरचे अनुभव बायको मला मोठ्याने वाचून दाखवते आणि मी तिची टर उडवतो. भूत-बित माझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही. आता मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर ती माझी टर उडवेल... उडवू दे.

मी आदिलाबादला बँकेत आहे, घर जवळच मावल्याला. नेरडीगोंड्याजवळच्या एका खेड्यात माझी मावशी राहते. दरवर्षी कापूस वेचून झाला की ती माहेरी, म्हणजे माझ्या मामाकडे जाते — सागाच्या जंगलातून, आणि पायीच. एरवी मामाचा मुलगा तिला न्यायला येतो; दोन वर्षांपूर्वी त्याला जमेना, म्हणून सोबतीला मी गेलो. सुट्टी होती, हवा छान होती, रमतगमत चाललो होतो.

वाटेत एक मोहाचं झाड आहे. मावशीचे यजमान, आमचे मौसाजी, माझ्या जन्माआधी या वाटेने एकटे जाताना त्या झाडाखाली ऊन लागून गेले. शिदोरी तशीच बांधलेली सापडली. तेव्हापासून मावशी तिथे थांबते आणि त्यांच्या वाट्याची भाकर काढते. ती ठेवायची मात्र माहेरच्या माणसाने. मावशी झाडाकडे पाठ करून बसते.

"ठेवून ये बाबू," ती म्हणाली. "उपाशी गेले ते."

ज्वारीची भाकर, वर तिळाची चटणी. माझ्या पोटात कावळे ओरडत होते. नाहीतरी मुंग्याच खाणार, असं म्हणून झाडामागे उभ्या-उभ्या मी ती खाऊन टाकली आणि येऊन सांगितलं, "ठेवली."

निघालो. थोड्या वेळाने मागे सागाचा वाळला पाला वाजू लागला. एक पाऊल नीट, दुसरं ओढत. वळून पाहिलं — भर दुपार, सरळ वाट, कोणी नाही. आम्ही थांबलो की आवाज थांबे. मी झपाझप पावलं टाकू लागलो. मावशीचा चेहरा मात्र उजळला होता.

"आयकू येऊन राह्यलं ना? तुह्या मौसाजीचा पाय असाच होता. इतक्या सालात कदी आले नाई. यंदा मले पोचवाले आले."

मामाच्या गावाच्या शिवेपर्यंत पाला वाजत होता. मावशी सगळी वाट त्यांच्याशी बोलत राहिली... सुनेचं बाळंतपण, म्हातारा झालेला बैल. आणि मी मान खाली घालून चालत होतो. ते कशासाठी मागे येताहेत, हे मला एकट्याला ठाऊक होतं.

गेल्या वर्षी मी मुद्दाम पुन्हा गेलो. मावशीने नवं लुगडं नेसलं होतं. या खेपेला भाकर नीट ठेवली, हात जोडून माफी मागितली. पुढे पाला वाजलाच नाही. मावशी सारखी थांबून कान देत होती. शिवेवर आल्यावर हळूच म्हणाली, "माह्या हातून काई चुकलं का रे?"

"नाही मावशी," एवढंच मला म्हणता आलं.

वारा, रानडुक्कर, मनाचे खेळ — सगळं जुळवून पाहिलं. पण मौसाजी पाय ओढत चालायचे, हे मला त्या दिवसापर्यंत कोणी सांगितलंही नव्हतं.

काल मावशीचा फोन आला होता. "कापूस झाला बाबू. तूच चाल सोबतीले. तू होता तवाच आले होते ते."

मी हो म्हणालोय. भाकर ठेवायची की खायची, ते अजून ठरत नाही.