खणाचा लाल दिवा

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोरमंगलाच्या सिग्नलला ब्रेकवर पाय ठेवून थांबले होते. वहिनी एवढंच म्हणाली, "सुमा, तू ये. हे उठत नाहीत..." सिग्नल सुटला, मागच्यांनी हॉर्न वाजवून डोकं उठवलं, आणि माझ्या मनात काय यावं? माझे मागचे दिवे लागलेत ना! सख्खा भाऊ गेला आणि बाईला दिवे सुचतात. पण ती काळजी माझी नव्हतीच, अण्णाची होती. इतकी वर्षं त्यानं ती माझ्या डोक्यात ठोकून बसवली होती.

पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका मशीनच्या कारखान्यात तपासणी खात्यात त्याची नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर तपासायला घरच्यांच्या गाड्या उरल्या. त्याच्या घराचं फाटक थेट रहदारीच्या रस्त्यावर उघडतं, गाडी उलटी काढावी लागते. कुणीही निघालं की हा पांढरी लुंगी सावरत मागे हजर. "ब्रेक दाब... सोड. आता डावा दाखव. सरी." ते 'सरी', म्हणजे 'ठीक आहे', कानावर पडल्याशिवाय कुणाची सुटका नव्हती. लग्नानंतर पहिल्यांदा घरी आलेल्या माझ्या जावयालाही त्यानं सोडलं नाही. मी वैतागायचे, वहिनी तर कपाळाला हात लावायची.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही तिघं तुमकूरला एका साखरपुड्याला गेलो होतो. येताना गाडी मीच चालवत होते. छातीत स्टेंट बसवल्यापासून अण्णाच्या हातात कुणी चावी देत नव्हतं. दिवेलागणीची वेळ, भुरभुर पाऊस. एक टेम्पोवाला शेजारून जाताना खिडकीतून हात काढून ओरडला, "हिंदे लैट इल्ला!" मागे दिवाच नाही. सकाळी अण्णानं स्वतः तपासलेले दिवे! मी गाडी कडेला घेतली. कड तरी कसली, अर्धी गाडी रस्त्यावरच राहिली. आरशात बघितलं तर लॉऱ्यांची रांग, आणि त्यांना आम्ही दिसतच नव्हतो.

अण्णा माझ्या आधी उतरला. डिकीतली टॉर्च काढली आणि वहिनीकडे हात पुढे केला, "तुझा खण दे." साखरपुड्यात ओटीत मिळालेला लालभडक इरकली खण होता तो. "नवा आहे हो," वहिनी म्हणाली खरी, पण दिला. टॉर्चच्या तोंडावर खण ताणून त्यानं रबर लावलं. उजेड लाल झाला. मग तो गाडीच्या बराच मागे जाऊन, लॉऱ्यांकडे तोंड करून उभा राहिला.

"अण्णा, तू इकडे ये, मी थांबते तिथे."

"मागे मी उभा आहे. तू डिकीत बघ."

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तो पाठमोरा ओरडून सांगत होता, मी करत होते. आधी म्हणाला बल्ब गेला असेल. बदलला, काही नाही. मग फ्यूज. तोही धड. वहिनीला मी चालकाच्या जागी बसवलं होतं. ब्रेक कुठला हेही तिला बोटानं दाखवावं लागलं. बिचारी एका हातानं मंगळसूत्र धरून जीव खाऊन दाबत होती. "अण्णा, ब्रेक दाबला की लाल दिवा नाही लागत, पण इंडिकेटर मिणमिणतोय," मी ओरडले.

"अर्थिंग गेलंय. मॅट उचल, काळी वायर पत्र्याला कुठे बसवली आहे बघ."

मॅटखाली पाणी साचलं होतं. दसऱ्याच्या आयुधपूजेला याच गृहस्थांनी डिकीत पाइप सोडून गाडीला अभ्यंगस्नान घातलं होतं. त्या वायरीचा नट गंजून तांबडा झाला होता. मी पक्कड लावली, निसटली. पुन्हा लावली. तेवढ्यात एक लॉरी सरळ आमच्याच रेषेत येताना दिसली. तिच्या उजेडात अण्णाच्या पायांच्या काड्या दिसल्या आणि वर हलणारा तो लाल ठिपका. "अण्णा, बाजूला हो!" तो झाला नाही. लॉरी करकचून वळली, तिच्या वाऱ्यानं डिकीचं झाकण हललं. त्या क्षणी मला त्याचा इतका राग आला होता की पोचल्या पोचल्या भांडायचं ठरवूनच मी नट सोडवला, चावीनं गंज खरवडला आणि वायर पुन्हा आवळली.

"वहिनी, दाब."

अण्णाची पाठ लाल झाली. पांढरा सदरा, पांढरे केस, सगळा माणूस लाल. त्यानं वळून पाहिलं, स्वल्प हसला आणि म्हणाला, "सरी." मी भांडले नाही. गाडीत बसून रडले. वहिनी मात्र घर येईपर्यंत चिरगुट झालेल्या खणावरून त्याला बोलत राहिली. बाकी कशाबद्दल बोलण्याची तिची हिंमत नसावी.

दिवसवार झाल्यावर भर दुपारी मी परत निघाले. गाडी सुरू केली, सवयीनं ब्रेक दाबला आणि तशीच थांबले. आरशात नुसतं उघडं फाटक आणि पलीकडे धावणारा रस्ता. लुंगी नाही, आवाज नाही. पाय काही उचलवेना. मग चपला वाजल्या. वहिनी गाडीला वळसा घालून मागे गेली. तिच्या हातात ती टॉर्च होती, खण तसाच ताणलेला, त्याच रबरानं बांधलेला. एवढ्या उन्हात तिनं ती पेटवली होती. आधी वाकून तिनं माझे दिवे बघितले, एक, मग दुसरा. मग फाटकाबाहेर जाऊन रहदारीकडे तोंड करून, पदर खोचून ती उभी राहिली.

"मागे मी उभी आहे," ती म्हणाली. "काढ गाडी."