आईसाठी खाली आणलेली गाडी

जुनी का होईना, गाडी घेतली तेव्हा मला वाटलं, प्रश्न सुटला. आईला खडवलीला, तिच्या माहेरी, एकदा जाऊन यायचं होतं आणि स्टेशनचा जिना तिच्या गुडघ्यांना झेपत नव्हता. पण कोपरीत घराच्या दारासमोर गाडी उभी केली, तर आई गाडीच्या पायरीशीच अडली. गाडी उंच, पाय उचलेना. शेजारणी बघत होत्या. आई म्हणाली, "राहू दे रे."

राहू देणाऱ्यातला मी नव्हतो. माजिवड्याच्या मिस्त्रीकडून चाकांवरच्या कमानींचे, म्हणजे स्प्रिंगांचे, दोन-दोन पाटे काढवले. गाडी चार बोटं खाली आली. आई आधी सीटवर टेकली, मग एकेक पाय आत घेतला आणि स्वतःशीच हसली. मीही फुशारलो.

फुशारकी नाक्यापर्यंतच टिकली. खड्डा आला की मागचं चाक मडगार्डला घासायचं, रबर जळल्याचा वास यायचा. मिस्त्रीने मडगार्डची कड ठोकून आत दुमडली आणि गाडी फार दबू नये म्हणून आसावर जुन्या टायरच्या रबराचे ठोकळे बसवले.

"आता घासणार नाही साहेब, पण भरून नेऊ नका. ठोकळ्यांवर टेकली की सगळे दणके आत येतील."

आम्ही दोघंच जाणार, भरायचंय काय, असं मी म्हणालो. माहेर म्हणजे काय असतं हे मी हिशेबात धरलंच नव्हतं.

जाताना बरं गेलं. निघताना मामीने आईची ओटी भरली आणि मामाने मागे तिच्या शेजारी तांदळाचं पोतं टाकलं, त्यावर दुसरं. कोहळे, नारळ वेगळेच. गाडी ठोकळ्यांवर जाऊन बसली. एक पोतं नंतर नेतो म्हणालो, तर आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी मागचं दार लावून टाकलं.

पडघ्यापर्यंतचा रस्ता नुसता दगडांचा. आई पोत्याला धरून, डोळे मिटून बसली होती. तिच्या तोंडून कण्हणं ऐकू आलं तशी मी गाडी थांबवली.

"इथे कुणाच्या तरी ओटीवर पोती ठेवू. उद्या येऊन नेतो."

"भावाने दिलेलं वाटेत उतरवायचं नसतं. चल तू."

मला राग आला. तिचा, मामाचा, त्या रस्त्याचा. रागातच गाडी हाकली.

घरी तिला उचलून आत न्यावं लागलं. नंतर ती चाललीच नाही. अंथरुणावरही भात मात्र त्याच तांदळाचा लागायचा. दुसरा शिजवला तर पहिल्या घासालाच ओळखायची. पोती संपायच्या आत ती गेली.

दिवसकार्य उरकल्यावर मी पाटे परत घालून घेतले. इतकी खाली गाडी आता कुणासाठी ठेवायची?

वर्षश्राद्धाला मामा आला. निघताना त्याला स्टेशनवर सोडायला गाडी काढली. तोही थकला होता. पायरीशी अडला, दाराला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "आक्का कशी रे चढायची यात?"

मी त्याच्या काखेत हात घातला आणि त्याला वर घेतलं.