मेथीच्या वासाची झडती

बायडाबाईला ‘टाकलेली’ म्हणणाऱ्यांना आधीच सांगते, टाकायला ती काही खरकटं नव्हती. सायखेड्याला सासरी मूल होत नाही म्हणून उठता-बसता टोमणे. नवऱ्यानं दुसरी घरात आणली, त्याच दिवशी हिनं आपली ट्रंक उचलली आणि सातपूर गाठलं. मूल का होत नाही हे बघायला नवरा कधी दवाखान्याची पायरी चढला नव्हता. ते कुणी विचारलंही नाही. विचारणारच नाहीत.

सातपूरला एका कारखान्यात ती गेटवर लेडीज गार्ड म्हणून लागली. कारखान्यात तांब्याच्या तारेचं काम. त्यामुळे सुट्टी झाली की बायकांनी रांगेनं पत्र्याच्या खोलीत जायचं, हात वर करायचे आणि बायडाबाईनं झडती घ्यायची. झडती म्हणजे अपमानच, मी युनियनची, त्याविरुद्ध गेटसभा घेतल्यात. पण बायडाबाईचा स्वतःचा एक नियम होता. आधी ती आपले हात वर करायची, म्हणायची, “बघ गं, माझ्याकडं बी काय नाय.” मग समोरचीला हात लावायची.

बाई धिप्पाड. दारात उभी राहिली की खोलीतला उजेड अडायचा. दोन हजार एक साली ठेकेदारानं गार्ड लोकांसाठी तयार निळे शर्ट-पँट आणले. सगळ्यात मोठा नंबरही बायडाबाईच्या दंडात अडकला. देवरे म्हणून सिक्युरिटी ऑफिसर होता, जिभेला हाड नसलेला. सगळ्यांसमोर म्हणाला, “बायडाबाई, कपडा काही वाढणार नाही. तुम्हीच कमी व्हा. दिवाळीपर्यंत बसला तर ठीक, नाहीतर घरी बसा.”

ती नोकरी सोडली तर तिचं म्हणावं असं जगात काही नव्हतं. पंचवटीतल्या एका वैद्यानं तिला चरबी उतरवायचं चूर्ण दिलं. कडू जहर. सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्याबरोबर मूठ-मूठ घ्यायचं. त्यात काय काय कालवलं होतं ते त्या वैद्यालाच ठाऊक, पण मेथी भरपूर होती. बायडाबाईची भूक मेली, गाल बसले, पोट आत गेलं. आणि अंगाला वास यायला लागला. घामाचा आंबूस वास असतो, तो नव्हे. गोडसर-कडसर, थेट मेथीच्या लाडवाचा. तिनं साबण घासला, लिंबू चोळलं, कापडात कापूर ठेवला. वास कातडीतूनच येत होता, तो जाणार कुठं?

“ताई,” ती मला म्हणाली, “उशीला नाक लावलं का वाटतं, दुसरीच कोण बाई निजून गेली हितं.”

मेथीच्या लाडवाचा वास म्हणजे काय, ते आपल्याकडच्या कुठल्याही बाईला विचारा. डोळे मिटून सांगेल, बाळंतिणीची खोली. आणि झडतीत तर एकीचं नाक दुसरीच्या खांद्यापाशी. त्यातच बायडाबाई आठवडाभर नामपूरला माहेरी कांद्याच्या लागणीला जाऊन आली. झालं! पॅकिंगमधल्या सुलाबाईनं डबा खाता खाता सगळं जुळवून टाकलं.

“आधी पोट एवढं. मंग आठ दिस गायब. आली ती पोट सपाट नि अंगाला मेथीचा वास. चार लेकरं काढलीत मी, मला नका शिकवू.”

“अगं, पण तिला नवरा कुठंय?”

“तेच तर म्हणते मी!”

सुट्टी व्हायच्या आत बाळ मुलगी आहे, गोरी आहे आणि नामपूरला मामानं ठेवून घेतलीय, इथपर्यंत पक्कं झालं होतं.

ते देवरेच्या कानावर गेलंच. त्यानं तिला बोलावून सांगितलं, “कंपनीची अब्रू आहे, बाई. बाळंतपण झालेलं नाही असा डॉक्टरचा दाखला आणा. सोमवारी दाखला नसेल तर गेटवर यायचं नाही.”

माझं डोकंच फिरलं. मी तिच्या खोलीवर गेले तर बाई निवांत भाकरी थापतेय.

“उद्या चूर्णाचा डबा त्याच्या टेबलावर आपट,” मी म्हटलं. “विषय खलास.”

“नाय आपटायची.”

“का पण?”

“डबा दाखवून मी सुटंन, ताई. उद्या एखादी पोरगी खरंच तशी अडकली, तर तिनं काय दाखवायचं?” तिनं भाकरी उलटली. “नि दाखला तर मुळीच नाय. झडती घेनारी मी हाय. माझी झडती त्यानं घ्यायची नाय.”

मी वाद सोडून दिला. हे मला फारसं जमत नाही.

भाकरी फुगली. तिनं विचारलं, “बाळंतिणीला कायद्यानं काय मिळतं गं?”

“बारा आठवडे पगारी रजा. आणि त्या रजेत कामावरून काढता येत नाही.”

“अस्सं,” म्हणाली, आणि पहिल्यांदाच हसली.

सोमवारी पाळी बदलायच्या वेळी आम्ही देवरेच्या केबिनपाशी गेलो. कानोसा घ्यायला बाहेर बायकांची ही गर्दी.

“दाखला आणला?” देवरे.

“नाय आनला. तुमीच द्या.”

“मी? मी कसला दाखला देणार?”

“बायडाबाई बाळंत झाली, असं लिहा. खाली सही, वर कंपनीचा शिक्का. मी चालले बारा आठवडे पगारी रजेवर. मुलगी झालीय म्हनत्यात, बारशाला या साहेब.”

बाहेर कुणीतरी फिस्सकन हसलं.

“मी असं कधी म्हटलं?”

“मंग झालं नाय, असं लिहा.”

“ते मला काय माहीत?”

“माहीत नाय, तर काढताय कशापायी? सासरी होत नाय म्हनून सवत आनली. हितं झालं म्हनून हाकलता. सगळ्यांनी बसून एकदाचं काय ते ठरवा की!”

मी कायद्याचं पुस्तक काखेत घेऊन गेले होते. ते काखेतच राहिलं. देवरे खिडकीबाहेरच्या बायकांकडे बघत म्हणाला, “जा, जा. ड्युटीवर जा.”

संध्याकाळी रांगेत सुलाबाई आली. बायडाबाईनं नेहमीसारखे आधी आपले हात वर केले.

“घे सुलाबाई, वास घे. पोटभर घे. कशाचा हाय ते मातर सांगनार नाय.”

सुलाबाईनं खाली बघत हात वर केले. मग हळूच म्हणाली, “लाडू तरी आन की एखांदा.” सगळी रांग खदखदली.

दिवाळीला तो निळा शर्ट बायडाबाईला बसला. एक दिवस तिनं तो देवरेसमोर मिरवला, आणि घरी येऊन उरलेलं चूर्ण मोरीत ओतलं. वास गेला, भूक आली, अंग परत भरलं. शर्ट उसवायला लागला तेव्हा तिनं शिंप्याकडून दोन्ही कुशींना काळ्या कापडाच्या रुंद पट्ट्या घालून घेतल्या. पँटलाही, कमरेपासून घोट्यापर्यंत. देवरेनं बघितलं, पण दाखल्याचा विषय झाल्यापासून तिच्या अंगाबद्दल बोलायची त्याची टाप नव्हती.

चूर्णाचं मी इथं लिहिलं ते तिला विचारून. “आता लिही,” म्हणाली, “आता मला कोन दाखला मागनार?”

काळ्या पट्ट्यांमुळे नवे ट्रकवाले तिलाच मोठी साहेब समजायचे आणि गेटवर सलाम ठोकायचे. ती तो घ्यायची.