तेल पिणारी मुळी

अमळनेरच्या बाजारात गिरधरनानांचं पूजासाहित्याचं दुकान आहे, त्याला लागून माझं सायकलींचं. घरंही भिंतीला भिंत लागून, त्यामुळे नानांच्या घरातलं मला विचारावं लागत नाही, सगळं ऐकू येतं. माणूस इतका सोवळा, की चातुर्मासात आमच्याकडे कांद्याची फोडणी पडली तरी खिडकी लावून घेणार. दुकानात मुंग्या निघाल्या तर झाडू मारणार नाहीत, साखर टाकत टाकत त्यांना बाहेर नेतील. मी म्हणायचो, "नाना, एवढं पुण्य ठेवणार कुठं?" ते नुसते हसायचे.

त्या दुकानात कापूर-गुलालामागे एका डब्यात हत्ताजोडी असायची. दोन काळे वाळके पंजे एकमेकांत गुंतवून नमस्कार करावा, तशी दिसणारी मुळी. सातपुड्यात मिळते, शेंदरात ठेवावी, घर भरतं, असं नाना गिऱ्हाइकाला सांगत आणि स्वतःही मनापासून मानत. बायकोची, म्हणजे सुगंधाबाईंची, पहिली बाळंतपणं वाया गेली, तेव्हा त्यांनी एक हत्ताजोडी चांदीच्या डबीत घालून घरच्या देव्हाऱ्यात ठेवली. मग ज्योत्स्ना झाली आणि जगली. तेव्हापासून सुगंधाबाई दर शनिवारी त्या डबीत तिळाचं तेल ओतत. पुढच्या शनिवारी डबी कोरडी असायची. मुळी तेल पिते, हे गल्लीत सगळ्यांनाच ठाऊक होतं. मी एकदा ती डबी हातात घेऊन पाहिली. पुन्हा घ्यायची इच्छा झाली नाही.

यंदा ज्योत्स्ना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिचे दिवस भरत आले होते, तेवढ्यात मोहिनी नावाची वनरक्षक बाजारात आली. दुकानदारांना जमवून तिनं मोबाइलवर फोटो दाखवले. ही मुळी नाहीच, म्हणाली. घोरपडीचा नर मारतात, त्याचं लिंग कापून वाळवतात, तीच ही हत्ताजोडी. घोरपडीला कायद्यानं वाघाइतकंच संरक्षण आहे. "विकणं सोडा, देव्हाऱ्यात ठेवणंसुद्धा गुन्हा आहे, नाना. स्वतःहून आणून द्या." काही जण तोंडाला रुमाल लावून हसले. नाना दुकान बंद करून घरी गेले.

त्या दुपारी त्यांनी देव्हाऱ्यापुढं बसून पेटती उदबत्ती त्या मुळीला टेकवली. लाकडाचा वास आला असता तर मोहिनी खोटी ठरली असती. वास आला तो केस आणि कातडी जळाल्याचा. भिंतीपलीकडे मलाही आला. आतून ज्योत्स्नाचा आवाज आला, "आई, आपला घरमा मटन कोन शिजाडी ऱ्हायनं?"

नाना डबी घेऊन उठले. सुगंधाबाई दारात आडव्या झाल्या. "पोरनं बाळंतपन व्हऊ द्या. मंग न्या."

"अवं, हाऊ जीव शे. मारेल जीव."

"माले पहिलेच माहीत व्हतं," सुगंधाबाई म्हणाल्या. "झाड कधी तेल पेस का?"

नानांनी हातातली डबी खाली ठेवली. इतकी वर्षं ते मुळी पूजत होते. बाई मात्र एका मेलेल्या जनावराला खाऊ घालत होती, त्यानं आपल्या पोरीकडे वळून बघू नये म्हणून. ऐन बाळंतपणात ते उपाशी घराबाहेर काढलं तर ते कुणावर उलटेल, याचीच तिला भीती होती. डबी पुन्हा देव्हाऱ्यात गेली.

शनिवारी तिनं तेल ओतलं. पुढच्या शनिवारी उघडलं, तर तेल जसंच्या तसं. वर शेंदराची साय धरलेली. भिंतीपलीकडून मला तिचं बोलणं स्पष्ट ऐकू आलं. "पेत नही ते आते. इतला दिन त्याले माहीतच नव्हतं, का ते मरेल शे. तुम्ही चटका दिधा नि त्याले समजनं."

मी शहाणासुरता माणूस, असल्या गोष्टींना हसणारा. पण मेलेल्याला आपण मेल्याचं आता कळलं, हे ऐकून मी माझी खाट त्या भिंतीपासून लांब सरकवली.

"चला," ती म्हणाली. "पोर मोकळी व्हवाना पहिले याले घरमातीन काढा."

दोघं वनखात्याच्या कचेरीत गेली. घरची डबी दिली, दुकानातला डबाही दिला. मोहिनीनं जबाब घेतला. पुढं काय होईल, ते साहेब ठरवतील म्हणाली.

परतल्यावर सुगंधाबाई उंबऱ्याबाहेरच थांबल्या. माझ्या बायकोकडून पाण्याची बादली मागून घेतली आणि स्मशानातून आल्यावर करतात तशी नेसत्या लुगड्यानिशी अंगावर पाणी घेतलं. मग नानांना पायरीवर बसवून त्यांच्या डोक्यावर तांब्या ओतला. नाना आत जायला उठले. तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून पुन्हा बसवलं.

"हाई घरनं झायं," ती म्हणाली. "दुकानमातीन कितला गयात?"

आजवर किती विकल्या, ते नाना बोटांवर मोजू लागले. "माहीत नही," ते म्हणाले.

तेवढ्यात आतून ज्योत्स्नानं पहिल्या कळेची हाक दिली. माझी बायको आत धावली. नाना रडत म्हणत होते, अवं, पोरकडे जाय. सुगंधाबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी तांब्या भरला, नानांच्या डोक्यावर ओतला, आणि पुन्हा भरायला वाकल्या.