बेनिबाचं अळणी कोनफळ

बेनिबाच्या हाताला मीठ जरा जास्तच. जमैकातल्या त्या उसाच्या मळ्यावर गुलामांना खारवलेली मासळी मिळे, तिचं पाणीसुद्धा ती फेकत नसे. कोनफळं त्यातच शिजवायची. आईच्या थडग्यावर ठेवायचं जेवण मात्र अळणी. आमचे मेलेले मीठ खात नाहीत. खाल्लं तर समुद्रापलीकडे, घरी, परतता येत नाही त्यांना.

गुलामांनी बंड केलं, गोऱ्या मालकाचं साखरेचं भट्टीघर जाळलं. चार दिवसांत बंड मोडलं आणि सापडले ते मळ्याच्या दारातच फासावर लटकले. बेनिबाचा धाकटा भाऊ क्वाओ तेवढा डोंगरात निसटला. कुत्री त्याच्या मागावर होती.

बेनिबाने डोकं चालवलं. रोज दुपारी ती आईसाठी म्हणून जेवण ठेवायची, ते क्वाओ लपतछपत येऊन खायचा. मेलेल्याच्या जेवणाला कोण हात लावणार? पण जित्याजागत्या भावाला अळणी वाढायला तिचा जीव धजेना. तिने मीठ घातलं. तिथेच घात झाला.

टायटस मुकादम आमच्यातलाच, पण हातात चाबूक मालकाचा. त्याने थडग्यावरचा तुकडा उचलून खुशाल तोंडात टाकला.

"बेनिबे, तुझी म्हातारी कधीपासून मीठ खायला लागली गं?"

"हात चुकला, टायटसदादा."

"उद्या परत चाखणार मी. मीठ लागलं, तर कुत्री इथंच आणून बांधीन."

दुसऱ्या दिवशी तिने अळणी शिजवलं. क्वाओला कळवायची काही सोय नव्हती. तिसऱ्या दिवशी गेली तर जेवण मातीत पालथं, आणि वाडग्याची दोन शकलं थडग्यावर नीट मांडलेली. आमच्यात मेलेल्याचं भांडं असंच फोडून ठेवतात. बहिणीने आपल्याला मेल्यांत जमा केलं, असं समजला बिचारा. 

क्वाओ पकडला गेला नाही, त्याचं प्रेत मिळालं नाही, तो परतलाही नाही. पुढे गुलामी संपली, टायटस गेला, बेनिबाचे केस पिकले. ती अजून दोन वाटे मांडते. आईचा चटकन होतो. क्वाओच्या वाट्यावर मात्र मिठाची चिमूट धरून ती उभी राहते, हाक मारली तरी तिला ऐकू येत नाही. घालावं, तर तो कुठेतरी जिवंत असायला हवा. घालू नये, तर त्याला मारणारी तीच. कोनफळ पार निवून जातं.